शिरगणतीतील शहरे आणि वस्त्यांतील शहरे

अमेरिकेतील सर्वांत बहुवंशी शहर कोणते, या प्रश्नावर तेथील महानगरांत एक कायमची चढाओढ चालू असते. न्यूयॉर्कला हा मान आपला जन्मसिद्ध हक्क वाटतो. तो केव्हाच पॅसिफिकच्या किनाऱ्यावर येऊन पोहोचला आहे, असे लॉस एंजेलिसचे म्हणणे. २०१२ साली राइस विद्यापीठातील अभ्यासकांनी २०१० च्या जनगणनेच्या आधारे असे दाखवून दिले की, ह्यूस्टन आणि त्याच्या भोवतालचा प्रदेश न्यूयॉर्कलाही मागे टाकून वांशिक विविधतेत पहिला आला आहे. आणि तेलासाठी व अवकाशयानांसाठी ओळखल्या जाणाऱ्या त्या शहराला मिरवायला तिसरी गोष्ट मिळाली. शालान्त परीक्षेच्या निकालासारख्या अशा गुणवत्ता याद्या आता तेथे वारंवार निघत असतात. त्या वाचताना एक साधी शंका मनात येते. शहरात अनेक वंशांची माणसे आहेत, ही एक गोष्ट झाली. ती एकमेकांच्या शेजारी राहतात, ही दुसरी. पहिलीला विविधता म्हणता येईल. दुसरीसाठी आपण मराठीतही सरळ ‘कॉस्मॉपॉलिटन’ हाच शब्द वापरतो आणि मुंबईविषयी बोलताना तो इतका सैलपणे वापरला आहे की, त्याची धार पार बोथट होऊन गेली आहे. अमेरिकेतील मोठ्या शहरांची तुलना करावयाची, तर या दोन गोष्टी निरनिराळ्या ठेवल्या पाहिजेत. कारण पहिलीत अग्रेसर असलेले शहर दुसरीत अगदी तळाशी असू शकते.

ही मोजदाद होते तरी कशी? शहरातील कोणतेही दोन रहिवासी डोळे मिटून उचलले, तर ते भिन्न वंशांचे असण्याची शक्यता किती, हे गणिताने काढतात. २०२० च्या जनगणनेनुसार साऱ्या देशासाठी ही शक्यता ६१ टक्क्यांच्या आसपास होती. परंतु गणित करण्याआधी माणसांना रकान्यांत बसवावे लागते आणि सर्वसाधारणपणे मोठे रकाने चारच असतात : गोरे, कृष्णवर्णीय, लॅटिन अमेरिकी आणि आशियाई. चारही रकाने सारखे भरले की शहर अव्वल ठरते. या हिशेबात व्हिएतनाममधून नौकेत बसून आलेला निर्वासित, कोरियन दुकानदार आणि पुण्याहून गेलेला अभियंता हे तिघेही एकच. त्या तिघांच्या तीन भाषांना, तीन धर्मांना आणि बँकेतील तीन निरनिराळ्या शिलकांना येथे काही किंमत नाही. अरबी माणूस तर अधिकृतपणे ‘गोरा’ धरला जात आला. मध्यपूर्व व उत्तर आफ्रिकेतील लोकांसाठी वेगळा रकाना ठेवण्याचे ठरले ते २०२४ साली.

या रकान्यांचा विनोद भारतीयांइतका कोणी अनुभवला नसेल. १९२०, १९३० आणि १९४० या तिन्ही जनगणनांत भारतीयांसाठी ‘हिंदू’ नावाचा एक वंशच निर्माण करण्यात आला होता. कॅलिफोर्नियातील शेतांवर राबणारे पंजाबी शीख आणि मुसलमान हे सारे त्या वंशाचे. मधल्या काळात, १९२३ साली, भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय हे सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे ‘गोरे’ नव्हेत, सबब त्यांना नागरिकत्व मिळू शकत नाही, असा निर्णय दिला; ज्यांना ते आधी मिळाले होते अशा कित्येकांचे काढूनही घेतले. १९४६ साली दार किंचित किलकिले झाले आणि वर्षाला शंभर भारतीयांना प्रवेश मिळू लागला. पुढे १९७० च्या जनगणनेत हेच भारतीय गोरे म्हणून मोजले गेले आणि १९८० मध्ये, तेथील भारतीयांच्या संघटनेने मागणी केल्यावर, ते आशियाई झाले. एकाच माणसाला एका आयुष्यात तीन वंश लाभावेत, हे चमत्काराचेच म्हणावयाचे. विविधतेचे आकडे वाचताना हा इतिहास ध्यानात ठेवलेला बरा.

आता शिकागोचे उदाहरण घ्यावे, कारण ते सर्वांत बोलके आहे. २०२० च्या जनगणनेत या सुमारे साडेसत्तावीस लक्ष वस्तीच्या शहरात गोरे ३१ टक्के, लॅटिन अमेरिकी ३० टक्के आणि कृष्णवर्णीय २९ टक्के आढळले. एवढी समान वाटणी न्यूयॉर्कमध्येही नाही. कागदावर पाहिले तर वांशिक समतोलाचा हा आदर्शच. प्रत्यक्षात मात्र वांशिक अलगतेच्या बाबतीत देशातील मोठ्या शहरांत शिकागो अग्रभागी मोजले जाते. दक्षिणेकडे आणि पश्चिमेकडे मैलोन्‌मैल कृष्णवर्णीयांच्या वस्त्या, उत्तरेस सरोवराच्या काठाने गोऱ्यांच्या, मध्ये मेक्सिकन. एका भागातील मूल दुसऱ्या भागात पाऊलही न टाकता लहानाचे मोठे होऊ शकते.

हे आपोआप घडले, असे कोणी समजू नये. १९१० ते १९७० या काळात दक्षिणेतील राज्यांतून सुमारे ६० लक्ष कृष्णवर्णीय उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे आले. त्यांतील मोठा लोंढा शिकागोच्या कत्तलखान्यांत व पोलाद कारखान्यांत सामावला गेला. १९१९ च्या जुलैत मिशिगन सरोवरात तराफ्यावर खेळणारा एक सतरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा वाहत वाहत गोऱ्यांच्या बाजूच्या पाण्यात गेला. पाण्यात रेघ ओढलेली नव्हती. ती गोऱ्यांच्या मनात होती. दगडफेक झाली, मुलगा बुडून मेला आणि त्यानंतर उसळलेल्या दंगलीत ३८ माणसे ठार झाली. पुढे ती रेघ कागदावर आली. घराच्या खरेदीखतातच ‘हे घर कृष्णवर्णीयास विकणार नाही’ असे कलम घालण्याची पद्धत पडली. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने अशी कलमे न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत, असा निर्णय दिला. पण तोवर सरकारी गृहकर्जाच्या यंत्रणेने नकाशावर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने दाखवून तेथे कर्ज देणे धोक्याचे असल्याचे जाहीर केले होते. न्यायालयाने कलम रद्द केले तरी बँकेचा नकाशा राहिला. १९६६ साली मार्टिन ल्यूथर किंग घरांच्या प्रश्नावर चळवळ करण्यासाठी शिकागोत येऊन राहिले. मार्केट पार्कमधील मोर्च्यात त्यांच्या डोक्यात दगड बसला. अ‍ॅलाबामा आणि मिसिसिपी पाहिलेल्या त्या माणसाने, असा द्वेष आपण दक्षिणेतही पाहिला नव्हता, असे उद्‌गार काढले. १९८३ साली हॅरॉल्ड वॉशिंग्टन हे शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले, तेव्हा पन्नासांपैकी २९ नगरसेवकांनी त्यांच्याविरुद्ध फळी उभारून कारभार वर्षानुवर्षे अडवून धरला.

याच शिकागोत डेव्हन अ‍ॅव्हेन्यू नावाचा एक रस्ता आहे. त्याच्या निरनिराळ्या तुकड्यांना गोल्डा मेयर, गांधी, जिना आणि शेख मुजीब यांची नावे मानाने दिलेली आहेत. इतिहासात जे जमले नाही ते नगरपालिकेच्या पाट्यांनी जमवले, असे कोणास वाटेल. रस्ता रमणीय आहे, साड्यांची व मिठाईची दुकाने आहेत. परंतु एका रस्त्याने शहर ठरत नाही.

न्यूयॉर्कचे वेगळेपण अशा वेळी लक्षात येते. सुमारे ८८ लक्ष वस्तीच्या या शहरात एक-तृतीयांशाहून अधिक रहिवासी परदेशात जन्मलेले आहेत, आणि १९१० साली ते प्रमाण याहूनही थोडे जास्त होते. मध्यंतरी ते खाली गेले, याला कारण १९२४ चा कायदा. इटालियन, ज्यू आणि पोलिश लोकांचा ओघ थांबवण्यासाठी या कायद्याने १८९० च्या जनगणनेवर आधारलेला कोटा ठरवला आणि आशियाला तर जवळपास दरवाजाच बंद केला. १९६५ साली अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी नव्या कायद्यावर सही केली आणि हा कोटा गेला. नेमक्या त्याच सुमारास न्यूयॉर्कमधील गोरा मध्यमवर्ग उपनगरांत निघून जात होता. १९७० ते १९८० या दशकात शहराची लोकसंख्या आठ लाखांहून अधिक घटली. नगरपालिका दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली. बंद पडलेली दुकाने आणि रिकामी घरे ज्यांनी भरली ते डॉमिनिकन, जमैकन, चिनी, कोरियन, भारतीय आणि बांगलादेशी होते. न्यूयॉर्कने त्यांना आश्रय दिला, असे म्हणण्याची प्रथा आहे. हिशेब मांडला, तर त्यांनी न्यूयॉर्कला आधार दिला, असे दिसेल.

क्वीन्स हा या शहराचा विभाग या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. चोवीस लक्ष लोकांपैकी जवळजवळ निम्मे परदेशात जन्मलेले, आणि कोणत्याही एका वंशाचे बहुमत नाही. टाइम्स स्क्वेअरहून फ्लशिंगला जाणारी सात क्रमांकाची गाडी या विभागातून उंचावरील रुळांवरून जाते. लोक तिला ‘इंटरनॅशनल एक्स्प्रेस’ म्हणतात. फ्लशिंगमध्येच १६५७ साली तीस रहिवाशांनी डच गव्हर्नर पीटर स्टायव्हेसंट याला एक निवेदन पाठवून क्वेकर पंथीयांना त्रास देण्यास नकार दिला होता. सही करणाऱ्यांत क्वेकर एकही नव्हता, आणि निवेदनात ज्यू व तुर्क यांनाही अभय द्यावे, असे म्हटले होते. पाचच वर्षांनी जॉन बाऊन याने घरात क्वेकरांची सभा भरवली म्हणून त्याला पकडून हद्दपार करण्यात आले. त्याने हॉलंडला जाऊन कंपनीच्या संचालकांपुढे दाद मागितली आणि ती मिळवली. त्याच्याच नावाच्या बाऊन स्ट्रीटवर १९७७ साली गणपतीच्या मंदिराची प्राणप्रतिष्ठा झाली, आणि २०२२ मध्ये त्या रस्त्याला ‘गणेश टेम्पल स्ट्रीट’ हे जोडनाव मिळाले. मराठी माणूस तेथे दर्शनाला जातो तेव्हा बाऊनचे जुने घरही पाहून यायला त्याने हरकत नाही.

तथापि न्यूयॉर्कच्या सहिष्णुतेचे पोवाडे गाण्याचे कारण नाही. आज ज्याच्या ७४ व्या रस्त्यावर भारतीय, बांगलादेशी, तिबेटी आणि कोलंबियन एकमेकांना धक्के देत चालतात, ते जॅक्सन हाइट्स मुळात ज्यूंना आणि कृष्णवर्णीयांना घर न देणारी गोऱ्या ख्रिश्चनांची वसाहत म्हणून बांधण्यात आले होते. आजही शाळांच्या बाबतीत न्यूयॉर्कची कीर्ती चांगली नाही. २०१४ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातील अभ्यासकांनी वांशिकदृष्ट्या सर्वाधिक विभागलेल्या शाळा न्यूयॉर्क राज्यात आहेत, असा निष्कर्ष काढला आणि त्याला मोठे कारण हे शहरच होते. मग या शहराला वरचा क्रमांक का द्यावयाचा? प्रस्तुत लेखकाच्या मते त्याचे कारण नैतिक कमी आणि भौतिक अधिक आहे. जागा थोडी, भाडे अफाट, आणि मोटार बाळगणे कटकटीचे. वकील, झाडूवाला, विद्यार्थी आणि परिचारिका यांना एकाच डब्यातील एकाच दांड्याला लोंबकळावे लागते. लोकलने प्रवास करणाऱ्या वाचकाला याहून जास्त सांगण्याची गरज नाही. शेजार ही तेथे आवड नसून सक्ती आहे, आणि सक्तीचा सहवास पुष्कळदा प्रेमाच्या सहवासापेक्षा टिकाऊ ठरतो. २०२५ च्या नोव्हेंबरात कंपाला येथे जन्मलेले, भारतीय वंशाचे आणि क्वीन्समधून राज्य विधिमंडळात गेलेले झोहरान ममदानी याच शहराच्या महापौरपदी निवडून आले. त्यांच्या प्रचाराचा मुख्य विषय वंश हा नव्हता. घरभाडे आणि बसभाडे हा होता.

लॉस एंजेलिसची गोष्ट नेमकी उलट आहे. या नगराची स्थापनाच १७८१ मध्ये ४४ वसाहतकऱ्यांनी केली आणि त्यांतील बहुतेकांच्या अंगात आफ्रिकी, मूळ अमेरिकी व स्पॅनिश रक्त मिसळलेले होते. म्हणजे बहुवंशीपणा येथे जन्मापासूनचा. बॉइल हाइट्स या वस्तीत दुसऱ्या महायुद्धापूर्वी ज्यू, मेक्सिकन आणि जपानी मुले एका बाकावर बसत. १९४२ साली सरकारने जपान्यांना उचलून छावण्यांत नेले आणि त्या शेजाराचा एक कोपरा रिकामा झाला. पुढे हे शहर मोटार-रस्त्यांनी फाडून पसरवले गेले. माणूस घरून निघतो तो काचेआड आणि उतरतो तो कचेरीच्या तळघरात. १९९२ साली एका कृष्णवर्णीय मोटारचालकाला मारहाण करणारे पोलिस निर्दोष सुटले आणि शहर पेटले. साठांहून अधिक माणसे मेली आणि कोरियन मालकीची दोन हजारांहून अधिक दुकाने लुटली वा जाळली गेली. ज्यांच्यात गल्ल्याच्या जाळीपलीकडे कधी बोलणे झाले नव्हते, ते दोन समाज त्या रात्री समोरासमोर आले. आज कोरियाटाउन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात राहणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोक लॅटिन अमेरिकी आहेत. पाटी कोरियन, मुदपाकखान्यातील हात मेक्सिकन. आणि २०२२ साली प्रभागांच्या वाटणीविषयी काही लॅटिन अमेरिकी नगरसेवकांचे खासगी संभाषण बाहेर आले, तेव्हा त्यातील इतरांविषयीची भाषा इतकी हीन निघाली की, नगरसभेच्या अध्यक्षांना पद सोडावे लागले. अल्पसंख्य बहुसंख्य झाला म्हणजे आपोआप उदार होतो, ही समजूत भाबडी आहे.

ह्यूस्टनला बक्षीस मिळाले त्यात त्याचा स्वतःचा हात थोडा आहे. १९७५ नंतर व्हिएतनामी निर्वासित आले. १९८२ पासून तेलाचा बाजार कोसळला आणि गल्फ्टनसारख्या भागात तरुण, अविवाहित, गोऱ्या नोकरदारांसाठी बांधलेल्या इमारती ओस पडल्या. मालकांनी निरुपायाने त्या मध्य अमेरिकेतून आलेल्या कुटुंबांना दिल्या. तेथे नगररचनेचे विभागणी-कायदे नाहीत, घरे स्वस्त आहेत. आज हिलक्रॉफ्ट रस्त्यावर महात्मा गांधींच्या नावाचा बाजारभाग आहे. पण तेथेही मोटारीशिवाय माणूस पंगू, आणि शेजार दहा मैलांवर. मायामीचे तर सांगायलाच नको. परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण निम्म्याहून अधिक. न्यूयॉर्कहून कितीतरी जास्त. परंतु रहिवाशांपैकी सुमारे सत्तर टक्के लॅटिन अमेरिकी, आणि स्पॅनिश ही जवळजवळ राजभाषा. १९८० साली क्यूबाहून सव्वा लाख लोक एकाच हंगामात आले, त्याच वर्षी तेथील मतदारांनी सरकारी कामकाजात इंग्रजीखेरीज दुसरी भाषा वापरू नये, असा नियम मंजूर केला. तो १९९३ मध्ये रद्द झाला. अशा शहराला द्विभाषक म्हणावे. बहुवंशी म्हणताना जरा थांबावे.

सॅन फ्रान्सिस्को हे सर्वांत उदार मताचे शहर म्हणून प्रसिद्ध आहे. १९७० साली तेथे सुमारे १३ टक्के कृष्णवर्णीय होते. २०२० मध्ये ५ टक्क्यांच्या आसपास उरले. त्यांना कोणी हाकलले नाही. आधी फिलमोर भागाचे ‘पुनर्वसन’ झाले आणि मग भाडे वाढले. फिलाडेल्फियाविषयी समाजशास्त्रज्ञ एलायजा अँडरसन यांनी २०११ च्या आपल्या ग्रंथात एक मार्मिक निरीक्षण केले आहे. रीडिंग टर्मिनल मार्केटसारख्या बाजारात सर्व वंशांचे लोक सौजन्याने वागतात, खाण्याच्या टेबलावर परक्याशी गप्पा मारतात. अशा जागांना ते कॉस्मॉपॉलिटन छत्र म्हणतात. छत्राखालून बाहेर पडले की, जो तो आपापल्या वस्तीकडे वळतो.

या सर्वांत आपल्या माणसांचे स्थान कोठे आहे? १९६५ नंतर गेलेला सुशिक्षित मराठी माणूस बहुधा या शहरांत राहतच नाही. तो शहरात नोकरी करतो आणि एडिसन, नेपरव्हिल, शुगर लँड, फ्रीमाँट या उपनगरांत घर घेतो; ही नावे आता सदाशिव पेठेतील घरांतही परकी राहिलेली नाहीत. घर निवडताना पाहावयाचे ते शाळेचे गुण आणि वस्तीचा ‘चांगलेपणा’. त्या चांगलेपणाच्या हिशेबात कोण बाहेर राहतो, हे न विचारण्याची सोयही घराबरोबर मिळते. पण ही सोय सर्वांना नेहमीच लाभली असे नाही. आज विविधतेच्या याद्यांत सातत्याने वर झळकणारे जर्सी सिटी हे हडसन नदीपलीकडचे शहर १९८७ साली वेगळ्या कारणाने गाजले होते. भारतीय स्त्रियांच्या कपाळावरील कुंकवावरून नाव घेतलेल्या एका टोळीने, भारतीयांना शहरातून घालवून देऊ, अशी धमकी तेथील वृत्तपत्राला पत्र लिहून दिली. त्याच वर्षी शेजारच्या होबोकेन गावात एका भारतीय तरुणाला टोळक्याने बेदम मारले आणि तो मरण पावला. तो पारशी होता. खुनाचा आरोप कोणावरही शाबीत झाला नाही. ती टोळी आणि ती गुणवत्ता यादी, दोन्ही एकाच शहराची आहेत, आणि त्या काळी तेथे राहिलेली कित्येक कुटुंबे अजूनही तेथेच आहेत.

येथवर शिकागोला शेवटचा क्रमांक दिला. परंतु त्याच्या बाजूने एक गोष्ट नोंदवली नाही, तर अन्याय होईल. २०२५ च्या शरद ऋतूत केंद्र सरकारच्या अधिकाऱ्यांनी विनापरवाना राहणाऱ्या स्थलांतरितांच्या धरपकडीसाठी शिकागोत मोठी मोहीम उघडली. तेव्हा रहिवाशांनी एक साधे साधन शोधून काढले : शिट्टी. अधिकाऱ्यांच्या गाड्या दिसल्या की शिट्ट्या वाजवायच्या आणि शेजाऱ्यांना सावध करायचे. सुरुवात मेक्सिकन वस्त्यांत झाली. थोड्याच आठवड्यांत उत्तरेकडील गोऱ्या वस्त्यांतही लोक गळ्यात शिट्टी अडकवून सकाळी शाळांच्या फाटकांशी उभे राहू लागले. ज्यांच्यासाठी ते उभे होते, त्यांतील अनेकजण त्या भागात राहत नव्हते. तेथे ते बागा राखायला, छपरे दुरुस्त करायला आणि मुले सांभाळायला येत असत.